इस्त्रीची पिन आणि आडवं व्होल्टेज

पहिल्या उत्तरावर विश्वास न ठेवण्यात माझ्या मावसभावाचा हात धरणारा माणूस अख्ख्या नांदेड जिल्ह्यात नसावा. मुखेडच्या स्टँडवर तो कंडक्टरला विचारतो, "ही नांदेडला जाते ना?" कंडक्टर "हाव" म्हणाला, की लगेच, "म्हणजे नांदेडला जात नाही, असं नाही ना?" एकदा एक कंडक्टर वैतागून म्हणाला, "सायेब, उलटं इचारा का सुलटं, गाडी नांदेडलाच जाती. बसा!" यावर तो अतिशय समाधानानं बसला. नायगावला मुलगी पाहायला गेला, तेव्हा त्यानं तिलाच विचारलं, "मी पसंत आहे?" ती लाजून "हो" म्हणाली. "नापसंत तर नाही ना?" ती म्हणाली, "आधी नव्हता, आता झालात." सोयरीक तिथंच मोडली. "उत्तर बदललं," एवढंच तो परतताना बोलला.

ही खोड त्याच्या कामातून आली, की खोडीमुळे त्यानं हे काम निवडलं, ते सांगता येत नाही. नांदेडच्या एका प्रयोगशाळेत तो एका स्फटिकाच्या अतिशय पातळ तुकड्यातून वीज सोडतो. वीज सरळ सोडली, की तुकड्याच्या आडव्या बाजूला किंचित व्होल्टेज मिळतं. एरवी त्यासाठी चुंबक लागतो. या जातीच्या स्फटिकात चुंबकाशिवाय ते मिळू शकतं. प्रवाह दुप्पट केला, की ते चौपट होतं. आणि प्रवाह उलटा फिरवला तरी त्याची दिशा बदलत नाही. त्याची पीएचडी याच व्होल्टेजवर अवलंबून होती. गेल्या वर्षी ते मिळालं. त्यानं प्रवाह उलटा केला, दिशा कायम राहिली. त्याच्या मार्गदर्शक सरांनी शोधनिबंध तयार केला. मुखेडला मावशीनं गल्लीभर पेढे वाटले.

निबंध पाठवायच्या आदल्या सकाळी तो आमच्या नांदेडच्या खोलीवर शर्टाला इस्त्री करत होता. मध्येच थांबून त्यानं तिची दोन दांड्यांची पिन काढली, उलटी करून खुपसली आणि इस्त्रीकडे पाहत उभा राहिला. मी म्हणालो, "काय करून राहिलास?" तो म्हणाला, "पिन उलटी घातली तरी इस्त्री तापतेच." शर्ट तसाच टाकून तो प्रयोगशाळेत गेला. तुकड्याभोवती गोलाकार जोडलेल्या तारांतून त्यानं वेगवेगळ्या वाटांनी प्रवाह सोडला. एक कच्चा जोड वाटेत आला, की व्होल्टेज दिसे. तो वगळला, की नाहीसं होई. स्फटिकाचा त्यात काही भाग नव्हता. जोड तापत होता, आणि ते व्होल्टेज त्या उष्णतेचं होतं. उष्णताही दुप्पट प्रवाहाला चौपट होते, आणि प्रवाह उलटा केला तरी तशीच राहते.

सर म्हणाले, "पाठवून देऊ. कुणी विचारलं तर बघू." तो म्हणाला, "मीच विचारतोय, सर." निबंध गेला नाही. पदवी लांबली. किती, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं मुखेडला गेलो. घरात शिरल्या शिरल्या म्हणाला, "आई, ते खोटं निघालं. एक जोड गरम होत होता." मावशी कणीक मळत होती. ती तशीच उठली. "लई गरम व्हता का रं? हात तर न्हाई ना भाजला, लेकरा?"

भाजण्याइतका तो जोड कधीच तापला नव्हता. तरी त्यानं हात पुढे केला, आणि मावशी पिठाच्या हातांनी तो धरून बराच वेळ बसली.