चिमाबाईचा चष्मा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या दुकानात कधी पाऊल ठेवलेलं नाही.

जुन्नरच्या पेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की मी आधी घरचं विचारतो — सुनेचं बाळंतपण, गाईचं दुखणं, सगळं. ऑनलाइन स्वस्त मिळतं, तरी लोक माझ्याकडेच येतात. नवे दुकानदार गुपित विचारतात. मी हसून म्हणतो, "माणूस जपा." काय थोर माणूस, नाही का? थू!

चिमाबाई भीमाशंकरच्या डोंगरातली. गोधड्या शिवायची, जवळचं दिसेना म्हणून आली. नंबर काढला. आठ दिवसांनी दोन एसट्या बदलून ती चष्मा न्यायला आली — आणि काचा चुकीच्या नंबरच्या आलेल्या. मला ते कळलं. तिच्या हातात देण्याआधीच कळलं. पण दुकानात चार माणसं बसलेली, त्यांच्यासमोर चूक कबूल कोण करणार? आणि मनात आलं — खरं सांगतो — या अडाणी बाईला कुठं पेपर वाचायचाय?

"भाऊ, धुरकट दिसतंय."

"सवय व्हावी लागते, मावशी. नातू चालायला लागला का?"

नातवाचं नाव काढलं आणि ती फुलली. चष्म्याचं विसरलीच. माझी आपुलकी — ती अशी कामाला येते.

वर्षभरानं ती नाचणीचं पीठ घेऊन आली. म्हणाली, "सुईत दोरा जाईना, भाऊ. गोधड्या सोडल्या मी. तुमचा चष्मा लई चांगलाय — माजं डोळंच गेलं."

नव्या काचा घालून द्यायच्या. एवढंच तर होतं. पण मग तिला पहिल्या काचांचं कळलं असतं — नाही का? मी मान हलवली. "वय झालं की व्हायचंच, मावशी." पीठ ठेवून घेतलं. त्याच्या भाकरी आम्ही खाल्ल्या.

पुढं ती यायची थांबली. परवा तिचा मुलगा स्वतःचा चष्मा करायला आला. "आय दिसभर वसरीवर बसून असती," तो म्हणाला. "तुमचं नाव काढती. म्हणती, पोरावानी इचारपूस करतो."

मी त्याला चहा पाजला. आईची चौकशी केली. तो शिकलेला — त्याचा नंबर दोनदा तपासला.

तिच्या काचा मी अजून मागवलेल्या नाहीत.