जुन्या फोटोवरची नवी तारीख

छातीत यंत्र बसवलेला पेशंट आमच्या हॉस्पिटलात एकच होता, आणि ते माझे प्राथमिक शाळेतले गुरुजी होते. मी तिथे एक्स-रे काढायचो. सत्तर सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. नगर जिल्ह्यातलं मिशनचं हॉस्पिटल, एक्स-रेचं एकच मशीन, आणि त्याला लागून एक माणूस जेमतेम वळेल एवढी डार्करूम.

गुरुजींना फळ्यासमोर दोनदा चक्कर आली होती. नाडी तीसवर उतरली म्हणून त्यांना मुंबईला नेलं, आणि तिथे छातीच्या कातडीखाली साबणाच्या वडीएवढी डबी बसवून दिली. डबीतून एक तार हृदयात गेलेली. आतली बॅटरी दीड वर्ष टिकेल की दोन, याचा नेम नव्हता. ती उतरत चालली की नाही, हे दोन गोष्टींवरून कळायचं. एक नाडी. यंत्र मिनिटाला बहात्तर ठोके देई; आकडा खाली आला की समजायचं. दुसरी, एक्स-रे. फोटोत बॅटरीचे गोल दिसत आणि प्रत्येक गोलात एक कडं. बॅटरी नवी असेतो कडं ठळक, ती उतरेल तसं पुसट. दर तीन महिन्यांनी दोन फोटो काढायचे. एक टपालाने मुंबईला, एक आमच्या कपाटात. मुंबईचे डॉक्टर कडं बघून कळवणार. त्या कड्यावर गुरुजींचं जगणं होतं, आणि कडं नीट दिसेल असा फोटो काढणं माझं काम होतं.

पहिल्या खेपेला ते सदरा काढून उभे राहिले आणि म्हणाले, "आत वीज, बाहेर वीज. मधल्यामध्ये मी पेटायचो की रे."

"एक्स-रेनं यंत्राला काही होत नाही गुरुजी. फक्त शेजारच्या खोलीतलं शेक द्यायचं मशीन बंद ठेवायचं."

"कोण म्हणतं?"

"मुंबईचे डॉक्टर."

"मग असेल. तुला नऊचा पाढा येत नव्हता, म्हणून विचारलं."

बाहेर बाकावर काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, बसलेल्या असत. सोनईच्या पलीकडून एस.टी.ने यायचं आणि दुपारच्या गाडीने परत जायचं, असा त्यांचा शिरस्ता. काकूंना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण आकडे पक्के होते. रोज सकाळी चहाच्या आधी गजराचं घड्याळ मांडीवर घेऊन त्या गुरुजींची नाडी मोजत. पूर्ण मिनिट. मध्ये कुणी हाक मारली तर पुन्हा पहिल्यापासून.

मग दुष्काळाचं साल आलं. हॉस्पिटलच्या विहिरीत गाळ उरला. टँकर दिवसाआड येई, आणि त्यातल्या दोन बादल्या डार्करूमला ठरवून दिलेल्या. फोटो धुण्याचं औषध जुनं होऊन मेलं होतं. "उद्या सकाळी आधी नवीन कालव, मग पेशंट घे," असं आमच्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी बजावलं होतं. कारण सकाळी गुरुजी यायचे होते.

त्याच दिवशी संध्याकाळी मला संगमनेरला मुलगी बघायला जायचं होतं. आठ दिवस अंगाला पाणी लागलं नव्हतं. मी पहाटे त्या दोन बादल्या मोरीत नेल्या आणि डोक्यापासून आंघोळ केली. साबण लावून. उरलेल्या पाण्यात सदरा धुतला. हे मी आजवर एका माणसाशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. जिला बघायला गेलो तिच्याशीच माझं लग्न झालं. तिलाही नाही.

गुरुजींचे फोटो मी जुन्याच औषधात धुतले. दोन्ही राखेसारखे आले. बरगड्या कशाबशा दिसत होत्या, कड्यांचा पत्ता नव्हता. तोवर त्यांची गाडी निघून गेली होती. त्यांना परत बोलवायचं तर डॉक्टरांना सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर पाणी कुठे गेलं हे विचारणं आलं.

फोटोवर तारीख उठवायचे शिशाचे आकडे मोठ्या हॉस्पिटलांत असतात. आमच्याकडचे निम्मे हरवले होते, म्हणून आम्ही पांढऱ्या शाईने हाताने तारीख घालत असू. कपाटात तीन महिन्यांपूर्वीचा फोटो होता. ओल्या कापसाने तारीख पुसली. नवी घातली. पाकीट टपालात टाकलं आणि संगमनेरची गाडी पकडली. या सगळ्याला पाच मिनिटंही लागली नसतील.

मुंबईहून पत्र आलं. बॅटरी उत्तम, तीन महिन्यांनी पुन्हा पाठवा.

महिनाभराने दोघं गोळ्या न्यायला आले. काकू थेट माझ्या दारात.

"पोरा, ह्यांचं बहात्तर हुतं. मग सत्तर झालं. आठ दिवस झाले, अडुसष्टच भरतंय."

मागून गुरुजी म्हणाले, "हिचं ऐकू नकोस. पत्रात उत्तम लिहिलंय. मुंबईच्या डॉक्टरपेक्षा हिचं गजराचं घड्याळ मोठं."

"तुमाला हासायला काय जातंय? मी रोज मोजते."

"एखादा चुकत असेल."

"रोज चुकल व्हय? आन् रोज खालीच?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्या वेळी मला बोलता आलं असतं. 'आलाच आहात तर पुन्हा एक काढू' एवढंच म्हणायचं होतं. खरं सांगायचीही गरज नव्हती. पण पुन्हा का, हे डॉक्टरांनी विचारलं असतं. मी म्हणालो, "काकू, घड्याळ पुढे पळत असेल. मिनिट आखूड पडत असणार. म्हणून ठोके कमी भरतात."

फोटो बदलला ते भीतीपोटी. हे वाक्य मात्र मी शांतपणे, विचार करून जुळवलं. घड्याळ मागे पडतंय म्हणालो असतो तर हिशेब उलटा आला असता, हेही माझ्या लक्षात होतं. गुरुजी खूश झाले. "बघ, याला आता पाढे येतात," म्हणाले.

पण घरी जाऊन काकूंनी रेडिओच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर घड्याळ लावून पाहिलं. चार दिवस पाहिलं. घड्याळ बरोबर होतं. त्यांनी गुरुजींना सांगितलं, आणि गुरुजींनी तेच सांगितलं: फोटो खोटं बोलत नाही. त्यापुढे काकू बोलल्या नाहीत. हे सगळं त्यांनीच मला मागाहून सांगितलं.

पंधरा दिवसांनी गुरुजी एस.टी.च्या फाट्यावर उभ्या-उभ्या कोसळले. शुद्ध लगेच आली, पण उजवा खुबा मोडला होता. साखर कारखान्याच्या जीपमधून त्यांना आणलं. डॉक्टरांनी खुब्याचा फोटो सांगितला. मी न सांगता छातीचाही काढला. त्या दिवशी औषध ताजं होतं. डार्करूमच्या लाल दिव्यात फिल्म वर उचलली तर कडी जवळजवळ नाहीशी झालेली.

डॉक्टरांनी खुब्याचा आणि छातीचा, दोन्ही फोटो खिडकीच्या उजेडात धरले. "दीड महिन्यापूर्वीच मुंबईवाले उत्तम म्हणतात, आणि आता हे? इतक्या लवकर?" मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू आपणहून काढलास म्हणून कळलं. नाहीतर आपण खुबाच बांधत बसलो असतो."

मुंबईला यंत्र बदललं. गुरुजी वाचले. खुबा मात्र सांधला नाही. पुढची सहा वर्षं ते बाजेवर होते. शाळा सुटली. त्यांना उठवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, सगळं काकू एकट्या करायच्या. काकूंचा बांधा काटकुळा होता.

मुंबईहून परत आल्यावर काकू माझ्यासाठी बाजरीचं पीठ घेऊन आल्या. त्या सालात पीठ म्हणजे काय, ते त्या सालातल्या माणसालाच कळेल. "तू फोटू काढला म्हणून मानूस हाय," त्या म्हणाल्या. "माजंच चुकलं. घड्याळ बरुबर हाय हे मला ठावं झालं हुतं. मी वरडायला पायजे हुतं. शाळा शिकले न्हाई ना, म्हणून गप बसले."

मी पीठ घेतलं.

त्यानंतरही दर तीन महिन्यांनी फोटो होताच. गुरुजींना बाजेसकट टेम्पोत घालून आणत. झोपवूनच फोटो घ्यावा लागे. एका खेपेला, बहुधा दुसऱ्या वर्षी, मी "श्वास धरा" म्हटलं, बटण दाबलं, "सोडा" म्हटलं, आणि त्याच सुरात पुढे सगळं सांगून टाकलं. बादल्या, आंघोळ, तारीख, घड्याळ. फिल्मची चपटी कॅसेट त्यांच्या पाठीखाली तशीच होती.

ते वर टांगलेल्या एक्स-रेच्या नळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आधी ते पाठीखालचं काढ. रुततंय."

मी काढलं.

"पोरगी पसंत पडली होती ना?"

"हो."

"बरं." मग म्हणाले, "मला कशाला सांगतोस? मी तर तिला हसणाऱ्यांतलाच. तिला सांग. दोन वर्षं झाली, एकदा मोजून तिचा विश्वास बसत नाही. दोनदा मोजते, मग शेजारणीला बोलावून तिच्याकडून मोजून घेते. भाकरी मोजतानासुद्धा."

"सांगतो," मी म्हणालो.

फोटो धुतला. चांगला आला होता. दार उघडलं तर काकू बाकावरून उठून उभ्या होत्या.

"काय म्हणतोय फोटू?"

"चांगला आलाय."

"आज बहात्तर भरलं बग. शेजारीन बी बहात्तरच म्हनली. तूबी एकदा मोजतोस का?"

"मोजतो," म्हणालो, आणि आत जाऊन गुरुजींचं मनगट धरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मिनिट पूर्ण झाल्यावर मी बाहेर येऊन आकडा सांगितला, आणि काकूंनी मान डोलावली. गुरुजी गेल्यावर त्या आणखी सतरा वर्षं होत्या. मी दिवाळीला जायचो. सांगितलं नाही.