मोरिताबाईंचं पहिलं नको

त्र्याण्णवच्या डिसेंबरात चिपळूणच्या अंगणातून जीप निघाली. पुढे मी, मागे माझी बायको सुमन आणि आमची सहा वर्षांची चिनू. त्याआधी चार वर्षं मी बहारीनला एकटाच होतो. आता कुठे फॅमिली व्हिसा मिळाला होता. वडील खिडकीशी वाकले आणि मला म्हणाले, "तिला तिथं एकटी पाडू नकोस."

गावाकडे तुम्हाला वाटलं असेल, सुमन सुटली. बहारीनमध्ये जुफैर भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एसी होता, नळाला दिवसभर पाणी होतं, फक्त बोलायला कुणी नव्हतं. मी ड्यूटीवर, चिनू शाळेत, आणि घरी आली की मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर. मार्चमध्ये सुमन म्हणाली, "मे महिन्यात आम्ही दोघी जातो. परत यायचं का, ते तिकडे गेल्यावर बघू." माझ्यासारखे जे इकडे आलेत त्यांना या 'बघू'चा अर्थ कळतो. माझी माणसं पुन्हा दोन देशांत वाटली जाणार होती.

एप्रिलमध्ये समोरच्या फ्लॅटमध्ये मोरिता हे जपानी नवरा-बायको आले. तो जहाजदुरुस्तीतला इंजिनिअर. मोरिताबाई आणि सुमन, दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे जमलं. दोघी बाजारात जायला लागल्या. दर शुक्रवारी दुपारी ती दोघं आमच्याकडे जेवायची. तिकिटांची गोष्ट मी काढत नव्हतो, सुमनही काढेना.

मग जपानहून त्यांना एक कॅसेट आली. आमच्या व्हीसीआरवर ती चालेना, म्हणून त्यांच्याकडे बसलो. विनोदी कार्यक्रम होता. जपानी नट खोटी नाकं, खोट्या मिशा लावून टोकियोत आलेली परदेशी कुटुंबं व्हायचे. दर भागात वेगळा देश. या भागात भारत. पलंगपोस साडीसारखा गुंडाळलेली बाई जपानी पाहुण्याला वाढत होती. तो नको म्हणाला, ती वाढे. त्याने ताटावर हात धरला, तिने हातावर आमटी ओतली. शेवटी पाहुणा खिडकीतून पळाला.

"मम्मी, दॅट्स यू," चिनू म्हणाली.

मोरिताबाई तर डोळे पुसत हसत होत्या. मीही हसलो. सुमन हसली नाही. घरी येऊन म्हणाली, "अहो, दर शुक्रवारी ती बिचारी जीव मुठीत धरून जेवत होती, आणि मला पत्ता नाही. तिकिटं काढा."

शुक्रवारी तिने कोंबडी, वडे, भात सगळं मधोमध ठेवलं आणि स्वतः गप्प बसली. "घ्या हं हवं ते," एवढंच. मोरिताबाईंनी दोन वडे खाल्ले आणि हात मांडीवर ठेवले. सुमनने एकदा विचारलं, त्या "नो, थँक्यू" म्हणाल्या, सुमनने मान हलवली. मोरितासाहेब कोंबडीच्या पातेल्याकडे बघत राहिले.

शेवटी मोरिताबाई म्हणाल्या, "सुमन-सान, टुडे अँग्री?"

"नो अँग्री. टीव्हीत बघितलं ना. यू डोन्ट लाइक."

त्या आधी गोंधळल्या, मग हातवारे करत समजावू लागल्या. जपानातही पाहुण्याने आधी नको म्हणायचं असतं. लगेच घेतलं तर हावरट. यजमानणीने परत विचारायचं, मग घ्यायचं. टीव्हीतल्या त्या बाईत त्यांना त्यांची आई दिसली होती, म्हणून एवढं हसू.

"यू आस्क वन टाइम, खलास," त्या म्हणाल्या. "आय ॲम हंग्री."

सुमन उठली. तिने विचारलं नाही, वाढलं.

मे महिन्यात आम्ही तिघंही गेलो आणि तिघंही परत आलो. तिकिटं जायची-यायची होती.

मोरिता पुढे दोन वर्षांनी जपानला गेले. गेल्या सुट्टीत मी चिपळूणला जेवायला बसलो. वहिनींनी भाताचं विचारलं, मी नको म्हटलं, आणि त्या पातेलं घेऊन आत गेल्या. "तिकडच्या लोकांना आग्रह आवडत नाही म्हणे," त्या दादाला म्हणाल्या. त्यांचं चुकलं नाही, त्यांनी माझा मान राखला. मी हात धुतला. शेजारच्या पानावर सुमन अजून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आतल्या बाजूला हाक मारली, "वहिनी, भात आणा. ह्यांचं जेवण व्हायचंय."