एकसारख्या पाच पुंगळ्या

हिवाळाभर आम्ही आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवलो नाही. तिथे व्हर्लिनचा पसारा असे: काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या, नाजूक वजनकाटा आणि माझी मफिन भाजायची थाळी. तिच्या खळग्यांत तो वजनाप्रमाणे पुंगळ्या लावायचा. आम्ही सोफ्यावर मांडीवर ताटल्या घेऊन जेवायचो, आणि मी तोंड उघडलं की तो म्हणायचा, "आर्लीन, हळू. काटा हलतो." लग्नाच्या नवऱ्याने पितळापायी बायकोला गप्प बसवावं, याचा मला संताप यायचा.

शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आमच्या नेमबाजीच्या क्लबात रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून पाच कागदांवर नेम धरतात. कागदावर पाच वर्तुळं, प्रत्येकात एकच गोळी, मधल्या रेषेच्या आत लागली तर दहा गुण, जरा बाहेर गेली तर नऊ; शिवाय बाजूला अंदाज घ्यायला एक बिनगुणांचं वर्तुळ. व्हर्लिनला एकदा तरी पूर्ण अडीचशे करायचे होते. यंदा उजव्या डोळ्यात डाग वाढला. पुढच्या वर्षी रायफलच्या दुर्बिणीतून वर्तुळ दिसणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. म्हणजे मे महिन्यातली ही स्पर्धा शेवटची.

स्पर्धेत एक कागद झाला की जो तो शेडमध्ये त्याच पुंगळ्यांत बंदुकीची दारू आणि गोळी पुन्हा भरतो. व्हर्लिनने जुन्याच पुंगळ्या भरभरून चार कागद मारले. दोनशेपैकी दोनशे. माझ्या हातातलं व्हिनेगरमध्ये मुरवलेलं अंडं खायचं तसंच राहिलं.

आणि मग या शहाण्याने खिशातून डबी काढली. हिवाळाभर निवडलेल्या, वजनात केसभरही फरक नसलेल्या पाच पुंगळ्या त्याने घरूनच भरून आणल्या होत्या.

शेजारच्या ओट्यावरून नेम धरणारा ड्यूई त्याचा जन्माचा प्रतिस्पर्धी. तोही म्हणाला, "चालत्या गाडीला खीळ कशाला घालतोस? निदान त्यातली एक आधी बाजूच्या वर्तुळात मारून बघ."

"मग भरलेल्या चारच उरतील ना. शेवटच्या कागदासाठीच राखल्यात."

मीही सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. अंदाजाच्या गोळ्या त्याने जुन्या पुंगळ्यांतून मारल्या, आणि खऱ्या पाच नव्यांतून.

कागद आला. पाचही वर्तुळांत नऊ. प्रत्येक गोळी दहाच्या रेषेच्या किंचित वर, एकाच जागी. त्याने त्या पाच एकमेकींशी जुळवल्या होत्या, जुन्यांशी ताडून पाहिल्याच नव्हत्या. या जाड होत्या. आत जागा कमी, म्हणून दारूचा जोर जास्त, म्हणून गोळी वर. एवढं मलासुद्धा कळतं, टेबल गमावून शिकले मी. दोनशे पंचेचाळीस. चेष्टेची एक संधी न सोडणारा ड्यूई टोपी काढून उभा राहिला.

घरी येताना ट्रक मी चालवला. व्हर्लिन कागद मांडीवर घेऊन बसला होता. म्हणाला, "पाचही एकाच जागी लागल्या, बघितलंस? निवड चुकली नव्हती माझी."

"गाढवा," मी म्हणाले, "जुन्या काय वाईट होत्या?"

त्याने कागदाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी त्याने टेबल आवरलं. मफिनची थाळी घासून, पुसून जागेवर ठेवली. आता आम्ही टेबलावर जेवतो. मी वाटेल तेवढ्या मोठ्याने बोलू शकते, आणि तो मला कधीच हळू बोल म्हणत नाही. मला त्याचाही राग येतो.