आधी बस, मग शाळा

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोगनोळीच्या नाक्यावर बसमध्ये होतो. कोल्हापूरला डोळे दाखवून परत येत होतो. डोळ्यांत औषध घातलेलं, समोरचं सगळं धुरकट, फोनवर कुणाचं नाव आलंय तेही दिसेना. वहिनींचा आवाज ऐकला. "भाऊजी, हे गेले... सकाळी चहा घेतला, पेपर वाचला आणि बसल्या जागीच..." मी नुसता "हो, हो" करत राहिलो. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढं केली, त्यांना वाटलं मी रडतोय. डोळे औषधानंच वाहत होते. खरं सांगतो, त्या क्षणी मला पहिलं वाटलं ते दुःख नव्हतं. छाती एकदम हलकी झाली. आता हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं मनात आलं. पन्नास वर्षांचा दोस्त गेला आणि मला सुटल्यासारखं वाटलं! निपाणी येईपर्यंत त्या सुटकेचीच भीती वाटायला लागली.

काय ठाऊक होतं ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर लिहिता लिहिता पुन्हा माघार घेईन. माझी ती जुनी खोड आहे. तीन वर्षांपूर्वी सदलग्याकडच्या दोन लहान गावांतले पाचवी ते सातवीचे वर्ग बंद झाले आणि मुलांना पलीकडच्या मोठ्या गावच्या शाळेत जोडलं. वर्ष सरायच्या आत त्या दोन गावांतल्या बऱ्याच मुली घरी बसल्या. ते खापर वसंतावर फुटलं, कारण सरकारनं त्याच्या अहवालावरून निर्णय घेतला होता. पण वसंतानं तसं लिहिलंच नव्हतं. त्याचं महत्त्वाचं वाक्य मी काढून टाकलं होतं. आता तसाच आणखी काही गावांचा निर्णय करायला नवी समिती बसली आहे, आणि तिच्यापुढं तोच माझा कापलेला कागद आहे.

आम्ही निपाणीच्या हायस्कुलात एका बाकावर बसायचो. वर्गाच्या खिडकीतून तंबाखूचा वास यायचा, मी शिंकायचो आणि वसंता म्हणायचा, "सुऱ्या, तुला निपाणी सोसत न्हाय रं, तू धारवाडला जा." मी धारवाडला गेलो नाही, कर्नाटकच्या शिक्षण खात्याच्या कचेरीत चिकटलो आणि कारकुनाचा अधीक्षक झालो. तो मात्र लांब शिकून बेळगावात परत आला आणि विद्यापीठात सार्वजनिक धोरण शिकवायला लागला. हा विषय काय, ते गावात कुणाला कळायचं नाही. एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हंजे नक्की काय शिकवतासा?" तेव्हा हा म्हणाला, "सरकारनं काय करावं ते सांगतो आप्पा. आणि ते सरकार का करत न्हाय, तेबी शिकवतो." म्हातारा म्हणाला, "मग पोटाला काय कमी न्हाय तुमच्या." वसंताला हे उत्तर इतकं आवडलं की दरवर्षी नव्या वर्गाला तो ते ऐकवायचा.

पण काम करायला लागला की चेष्टा बंद. शाळेचं अंतर नकाशावर मोजणं त्याला मान्य नव्हतं. त्या दोन गावांचं काम आलं तेव्हा खात्याची माणसं मार्चमध्ये जीपमधून जाऊन आली होती. ऊस तुटून गेलेला, रान मोकळं, ह्या गावातनं त्या गावची शाळा दिसते म्हणाले. वसंता मुद्दाम दिवाळीच्या आधी गेला, ऊस डोक्याच्या वर गेलेला असताना. एका मुलीचं दप्तर आपल्या खांद्यावर घेऊन तिच्याच पावलांनी शाळेपर्यंत चालला, आणि संध्याकाळी तिच्याबरोबर परत. मलाही ओढत नेलं होतं. दोन्ही बाजूंना उसाची भिंत, मधून बैलगाडीपुरती वाट, आवाज दिला तरी कुणाला ऐकू जाणार नाही. ती मुलगी मधला एक तुकडा पळतच पार करायची. का पळतेस, असं त्यानं विचारलं नाही. तोही तिच्याबरोबर पळाला. दप्तर घेतलेला पन्नाशी उलटलेला प्राध्यापक, आणि मागे धापा टाकत मी! तिच्या आईनं दारातच सांगितलं, "सर, ऊस हुबा हाय तवर मी पोरीला एकटी धाडणार न्हाय. बस लावा, मग शाळा कुठंबी न्या."

अहवालात त्यानं तेच लिहिलं. वर्ग जोडायला त्याची हरकत नव्हती. एकच शिक्षक तीन वर्गांना बघतो त्यापेक्षा मोठी शाळा बरी, असं त्याचं स्पष्ट मत होतं. पण आधी बस सुरू करा, ती एक पावसाळा आणि एक उसाचा हंगाम नीट चालते का बघा, मगच वर्ग जोडा. जाडजूड अहवाल, इंग्रजीत. वर सचिवांना मात्र कन्नडमध्ये एक पान लागतं. दुसरं पान कुणी उलटत नाही, हे आमच्या कचेरीत शिपायालाही माहीत. वसंता कन्नड भरभरून बोलायचा, बाजारात, शेतात, कुठंही. पण सरकारी कन्नड लिहायचं म्हटलं की त्याचं घोडं अडायचं. म्हणून ते पान नेहमी मी करायचो आणि तो डोळे झाकून सही करायचा. मी पान केलं. साहेब म्हणाले, पान भरून वर गेलंय, कमी करा, आणि बसचा विषय आपल्या खात्याचा आहे का? नव्हता. मी ते वाक्य काढलं. आत अहवालात आहेच की, असं मनाला समजावलं. वसंतानं सही केली, आम्ही खाली टपरीवर चहा प्यालो. मी त्याला सांगितलं नाही. सांगायचं विसरलो, असं कितीतरी दिवस मी स्वतःशी म्हणत होतो. विसरलो नव्हतो. साहेबाला नाही म्हणायचं धाडस नव्हतं आणि मित्राला ते सांगायची लाज वाटली.

पुढचं सगळ्यांनी पेपरात वाचलंच. आमच्या सीमाभागात कुठलीही गोष्ट दोन दिवसांत भाषेवर येते, तशी हीही आली. कुणी लिहिलं, मराठी शाळा बुडवायला प्राध्यापक विकला गेला. दुसऱ्या बाजूच्यांनी लिहिलं, हा मुद्दाम गोंधळ माजवतोय. मुलींबद्दल कुणीच बोलेना. त्या गावात सभा झाली तेव्हा मी त्याच्या शेजारी बसलो होतो. मघाची तीच आई उठली, त्या कन्नड पानाची प्रत हलवत म्हणाली, "सर, माज्या पोरीसंगं पळालता न्हवं? मग ह्ये काय लिवलंसा?" वसंतानं तो कागद तिच्याकडून घेतला. सावकाश, बोट फिरवत वाचला. मी खाली बघत होतो.  मग तो उभा राहिला आणि म्हणाला, "आक्का, सही माझी हाय. चूक माझी." एवढंच. एवढंच बोलून तो खाली बसला.

परतीच्या वाटेवर गाडीत तो बोलला. रागावला नाही, रागावला असता तर बरं झालं असतं. "सुऱ्या, तूच खात्याला लिही. माझं वाक्य राहिलं म्हणून. मी लिहिलं तर सारवासारव वाटंल." मी म्हटलं, लिहितो. मग म्हटलं, रिटायर होऊ दे, चौकशी लागली तर पोरीचं लग्न ठरलेलं मोडेल. "बरं," म्हणाला. पोरीचं लग्न झालं. मी रिटायर झालो. त्यानंतरही वर्ष गेलं. दर भेटीत वाटायचं, आज हा विचारणार. आणि तो विचारायचा नाही, माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचा. त्या भल्या माणसाच्या घरी चहा पिऊन बाहेर पडताना मला चोरी करून निघाल्यासारखं वाटायचं.

तेराव्यानंतर वहिनींनी बोलावलं. बेळगावात कॅम्पातल्या त्यांच्या घरी वसंताची खोली तशीच होती. खिडकीला लागून टेबल, त्यावर नव्या समितीसाठी त्यानं तयार करायला घेतलेले कागद. सगळ्यात वर कन्नडमध्ये एक पान. त्याच्या हातचं. पहिलीतल्या पोरासारखं मोठमोठं अक्षर, चार ठिकाणी खाडाखोड, आणि पहिलीच ओळ बसची. "महिनाभर बसत होते त्याला," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, भाऊजींना द्या की. तर म्हणाले, त्याला कशाला त्रास."  त्रास... का आता माझ्या हातात कागद द्यायचा नव्हता त्याला? ते विचारायला तो राहिला नाही, आणि रात्रंदिवस मला हेच कुरतडतंय.

मी तिथंच त्याच्या खुर्चीत बसलो. ते पान उतरवून काढलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मग दुसऱ्या कागदावर लिहिलं की मूळ अहवालातलं हे वाक्य अमुक हुद्द्यावर असताना मी वगळलं, प्राध्यापकांना न सांगता. खाली पूर्ण नाव, सही. त्याच्या पानाबरोबर हे पत्र त्याच आठवड्यात समितीला दिलं आणि पोच घेतली. निर्णय अजून आलेला नाही. रोज पोस्टमनची सायकल वाजली की भीती वाटते, माझी चौकशी निघेल म्हणून, आणि त्याहून जास्त, पत्र कुणी वाचलंच नसेल म्हणून. समितीलाही ते एक पान जास्तच वाटलं असेल.

पण त्या दिवशी सही करून मी पेन खाली ठेवलं तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या. त्या खानापूरकडच्या, जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या. तीन वर्षं बाजारात बायका त्यांना अडवून विचारायच्या, बाई, तुमच्याच मालकांनी शाळा बंद केली नव्हं? "वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. बसमधली ती सुटका ओसरल्यावर मला वाटायला लागलं होतं, वसंतानं निदान घरात सांगितलं असेल. मी वाचायला लागलो आणि त्यांचा चेहरा बघून कळलं की त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. माझं नाव राखायला. कसाबसा शेवटपर्यंत आलो.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "तीन वर्षं मी त्यांनाच बोलत होते. मास्तरणीचा नवरा आणि शाळा बंद करतो म्हणून... जेवताना बोलत होते भाऊजी. ताटावर."

 वहिनी आत आल्या. "उठा तिथनं," म्हणाल्या. मी उठलो. त्या वसंताच्या खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला, दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"आता पहिल्यापासून वाचा," म्हणाल्या. "सावकाश. त्यांना ऐकू जाईल असं वाचा."