मेहकरच्या चहापायी

बीदर म्हैसूर राज्यात येऊन दहा-बारा वर्षं झाली होती. कचेरीतले कागद उर्दूतून कानडीत गेले होते आणि जिल्ह्यातल्या मेहकर गावच्या लोकांना दोन्हींचा सारखाच धाक होता. म्हणून गावातून कुणीही बीदरला आलं, नक्कल काढायला, तारखेला, नाहीतर नुसतं फिरायला, की आधी अंकुशरावांना गाठायचं. अंकुशराव आपल्या गावचे आणि कचेरीत कागदपत्रं सांभाळणारे दफ्तरी. काम काय ते विचारायच्या आत ते माणसाला समोरच्या हाटेलात नेत. कामं क्वचितच होत. चहा-भजी मात्र कधी चुकली नाहीत.

त्यांच्या बायकोला, सोजराबाईंना, हे माहीत होतं. एक तारखेला पगार हातात पडला की त्या तो स्वयंपाकघरातल्या डब्यांत वाटून टाकत. तुरीच्या डब्यात किराण्याचे, गुळाच्या डब्यात भाड्याचे आणि तिखटाच्या डब्यात, अगदी तळाशी, रेवणसिद्धप्पा सावकारांचे. नणंदेच्या लग्नात सोजराबाईंची बोरमाळ त्यांच्याकडे गहाण पडली होती. येत्या पाडव्यापर्यंत पैसे फिटले नाहीत तर ती मोडीत निघणार, असा करार होता. तिखटाचा डबा विचार करूनच निवडलेला. अंकुशरावांनी एकदा त्यात हात घातला, तेव्हा शिंकांनी त्यांना जागच्या जागी पकडून दिलं होतं.

हातखर्च संपला की ते उसने मागत.

"जामीन आणा," सोजराबाई म्हणत.

"अगं, माझाच पगार हाय की!"

"पगार तुमचा. भरवसा कुणाचा?"

मग शेजारचे शरणप्पा जामीन राहत. ते बसकंडक्टर, शब्दाचे पक्के. एकदा अंकुशरावांचे दोन रुपये थकले, तर सोजराबाई सरळ शरणप्पांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मुकाट दिले. पुढे महिनाभर बसमध्ये अंकुशराव दिसले की शरणप्पा सगळ्यांदेखत ओरडत, "अण्णा, तिकिटाला जामीन चालत न्हाई बरं का!"

पाडवा आठवड्यावर आला, तेव्हा सोजराबाईंनी तिखटाचा डबा परातीत उपडा केला. नोटा झटकल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या. चाळीस रुपये कमी.

"मी न्हाई," अंकुशराव सवयीनं म्हणाले.

सोजराबाई भांडल्या नाहीत. तेच विचित्र होतं.

"दवाखान्यात गावच्या बाया येतेत," परातीकडं बघत त्या म्हणाल्या. "जायला तिकिटाचे पैसे नसतेत. गीताबाईच्या नातीला ताप व्हता, औषध आणलं. भरीन म्हणलं पुढच्या म्हैन्यात. राहून गेलं."

अंकुशराव नीट मांडी घालून बसले. असा दिवस संसारात पहिल्यांदाच उगवला होता.

"मला च्याला दोन रुपये देताना जामीन मागतीस, आन् हितं समद्या मेहकरचा दवाखाना चालवायलीस व्हय?"

"बोला. आज बोलून घ्या."

पण सोजराबाईंचा हात नकळत गळ्याकडं गेला, बोरमाळ असायची तिथं. अंकुशरावांची बोलायची हौस तिथंच फिटली.

शरणप्पांकडं उसने मागितले, तर त्यांनी हात जोडले. "अक्का, अण्णांचा जामीन हाय तेवढंच लई झालं."

शेवटी ठरलं, मेहकरलाच जायचं. पाजलेला चहा, दिलेली तिकिटं, सगळं थोडं थोडं परत मागायचं. रविवारी शरणप्पांच्याच बसनं दोघं निघाले. तांबड्या मातीचा माळ मागं पडला, काळी शेतं सुरू झाली, तरी अंकुशराव मागायचं वाक्य घोकतच होते.

पहिलं घर माणिकरावांचं. अंकुशरावांनी घसा साफ केला. "माणिकराव, तेवढं ते..."

"सांगायला लागतंय व्हय!" माणिकराव आत वळून ओरडले, "अगं, बीदरचे पाव्हणे आलेत, चहा ठिव! आन् नवी डाळ काढ!"

सगळीकडं तेच. खळी नुकतीच उरकली होती. घराघरात धान्य होतं, रोकड कुणाकडंच नव्हती, आणि मागायची जीभ या दोघांकडं नव्हती. गीताबाईंनी ज्वारीचं पोतं दिलं. कुणी गूळ दिला, कुणी शेंगा, एकानं तर भोपळाच अंकुशरावांच्या मांडीवर ठेवला. दुपारपर्यंत त्यांच्या पोटात चहाचा तलाव झाला, वाक्य मात्र तोंडातच राहिलं.

परतीच्या बसमध्ये ते सामान बघून शरणप्पांनी विचारलं, "वसुली झाली का?"

"एक रुपया न्हाई."

"मग हे काय?"

"हे असंच. खायला दिलंय."

सोजराबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्या एकदम वळल्या. "ओ, एवढं घरात आल्यावर ह्या म्हैन्यात किराणा कशाला लागतोय? तुरीच्या डब्यातले पैसे तसेच हायेत. चाळीसाच्या वरच भरतील."

अंकुशरावांनी भोपळा छातीशी धरला. शरणप्पांनी सामानाचं तिकीट फाडून त्यांच्या हातात ठेवलं. "मग ह्याचे बी पैसे द्या."

पाडव्याच्या आदल्या दिवशी रेवणसिद्धप्पांनी नोटा मोजून घेतल्या. सोजराबाईंनी बोरमाळ काट्यावर दोनदा तोलायला लावली, मणी चाचपले आणि तिथंच, दुकानात, गळ्यात घातली. अंकुशराव उगाच छताकडं बघत राहिले.

"पुन्हा नड पडली तर लाजू नका, अक्का," सावकार म्हणाले.

"आमाला कामून नड पडंल?" सोजराबाई खुशीत म्हणाल्या. "तुमीच या की घरी, चहाला."

रेवणसिद्धप्पांनी गल्ल्याला कुलूप लावलं आणि ते चपला शोधू लागले.