मागाच्या उजव्या अंगाला

वडगावच्या विणकर गल्लीत मनिषा वाढली ती हातमागाच्या ठेक्यावर. बोलायला उशिरा शिकली, पण आडवं सूत नेणारा लाकडी धोटा अडखळला तर बापाच्या आधी तिला कळायचं. पोरगी स्वमग्न आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बापानं, नागोजीआप्पांनी, नुसती मान हलवली आणि मागाच्या उजव्या अंगाला तिच्यासाठी एक पाट मांडला. तिशी ओलांडली तरी ती जागा तिचीच होती.

मग आप्पा गेले. माग शहापुरातल्या एका लहानशा संग्रहालयात गेला. मनिषाला एकच हवं होतं, त्या मागापाशी घटकाभर बसणं.

दर गुरुवारी मालुबाई लेकीला तिथं न्यायची. पण आत एक रोबोट आला होता. माणूस दिसलं की तो चाकांवर धावत समोर यायचा आणि डोळे लुकलुकवत कन्नड, मराठी, इंग्रजीतून स्वागत करायचा. मनिषा कान झाकून रस्त्यावर पळायची. असे तीन गुरुवार गेले.

रोबोट घडवणारा साईराज शहाणा निघाला. मनिषा तिच्यासारख्यांसाठीच्या ज्या केंद्रात जायची, तिथल्या सगळ्यांनाच त्यानं बोलावलं. "तुम्हीच सांगा, हा कसा हवा?"

केंद्रातल्या चाळिशीच्या भरमूला वाचता यायचं नाही, पण जिभेला धार होती. "ह्यो आमच्या मास्तरावानी हाय रं. इचारायच्या आधीच उत्तर देतोय!"

सगळे हसले, साईराजसुद्धा. मनिषा हसली नाही. तिनं ओढणी काढून रोबोटच्या डोळ्यांवर टाकली आणि दोन्ही हातांनी ढकलत त्याला मागाच्या उजव्या अंगाला नेलं.

"समोर न्हाय. समोर आलं की सूत तुटतंय."

साईराजला उमगेना. मालुबाई म्हणाली, "विणणाऱ्याच्या समोर कोन जात न्हाय बाबा. नजर हलली की हात चुकतोय. उजवीकडं उभं ऱ्हायाचं, लाकडावर दोन बोटं वाजवायची, आन् त्यो बघंपतूर गप."

"आणि त्यानं बघितलंच नाही तर?"

"तर गप," मनिषा म्हणाली.

चार महिने खपले त्यात. डोळे विझवले, आवाज उतरवला. पण ती टकटक मनिषाला पटेना. पत्र्याची नको, प्लॅस्टिकची नको. सात वेळा तिनं मान फिरवली. शेवटी साईराजनं जुन्या धोट्याचा तुकडा रोबोटच्या बोटाला बसवला. मनिषानं डोळे मिटून ऐकलं आणि घरून आपला पाट मागवला.

पुढच्या गुरुवारी ती मागापाशी बसली. रोबोटनं उजवीकडून लाकडावर दोनदा वाजवलं. तिनं बघितलं नाही. तो थांबला. घटका गेली, तरी तो थांबलेलाच.

पाच वाजता मालुबाई न्यायला आली. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. वळसा घालून ती उजव्या अंगाला गेली, रोबोटच्या शेजारी उभी राहिली आणि मागाच्या लाकडावर दोन बोटं वाजवली.